एका कानाने ऐकताना: क्रॉस मशीन वापरल्यानंतरचा अनुभव

उजवा कान ठार बहिरा, डावा धडधाकट. अशा माणसाला क्रॉस मशीनचा, म्हणजे बहिऱ्या बाजूचा आवाज चांगल्या कानात आणून देणाऱ्या श्रवणयंत्राचा, उपयोग होतो का? गेल्या पावसाळ्यापासून रोज वापरल्यावर माझं उत्तर 'हो' आहे. मात्र हे मशीन काय देतं आणि काय देऊच शकत नाही, ते पैसे भरण्याआधी कळायला हवं. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

माझी केस सडन हिअरिंग लॉसची, म्हणजे अचानक ऐकू येईनासं होण्याची. एका सकाळी उजव्या कानाला दडे बसले, डोकं गरगरायला लागलं, कानात शिट्टी सुरू झाली. लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींवर ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त श्रवणशक्ती ७२ तासांच्या आत गेली, तर डॉक्टर हे निदान करतात. स्टिरॉइड झाली, एमआरआयमध्ये कानाच्या नसेवर गाठ नाही हे कळलं, पण कान काही परत आला नाही. तुमच्या घरात कुणाला असं झालं तर मळ असेल म्हणून थेंब घालत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. स्टिरॉइडचा उपयोग होतो तो मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांत.

क्रॉसचे दोन नग येतात. बहिऱ्या कानामागे नुसता माइक बसतो. तो तिकडचा आवाज बिनतारी चांगल्या कानावरच्या मशीनकडे पाठवतो. चांगल्या कानात उघडा डोम, म्हणजे कानात बसणारं भोकांचं मऊ टोपण, हवाच. माझा सुरुवातीचा डोम बंद होता, त्याने स्वतःचाच आवाज डोक्यात घुमायचा. बदलून घेतल्यावर सुटले.

मी शाळेत शिकवते. फळ्याकडे पाठ करून उभं राहिलं की खिडकीकडची रांग उजव्या हाताला येते. त्या बाजूचा आवाज डाव्या कानापर्यंत पोचताना मध्ये डोकं आडवं येतं आणि उंच स्वर तिथेच अडतात. स, श यांसारखी अक्षरं आधी गळतात. गणिताच्या तासाला मुलगी 'साठ' म्हणायची, मला 'आठ' ऐकू यायचं. क्रॉस लावल्यापासून 'साठ' हा साठच ऐकू येतो. एवढ्यासाठीसुद्धा मी हे मशीन पुन्हा घेईन.

पण दिशा? ती अजिबात नाही. कुणी 'बाई!' म्हटलं की शब्द स्वच्छ ऐकू येतो, बाक कोणता ते कळत नाही. आता मुलं आधी हात वर करतात. रस्त्यावर उजवीकडून येणाऱ्या स्कूटरचा हॉर्न डावीकडूनच आल्यासारखा वाटतो, त्यामुळे दोन्हीकडे बघितल्याशिवाय मी पाऊल टाकत नाही. यात मशीनचा दोष नाही. आवाज एका कानाला आधी पोचतो, दुसऱ्याला किंचित उशिरा. हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांचा असतो, आणि मेंदूच्या बुंध्यातल्या पेशी तो मोजून दिशा ठरवतात. उंच स्वरांत दोन कानांतल्या आवाजाचा लहानमोठेपणाही उपयोगी पडतो. क्रॉस सगळंच एका कानात ओततं, मग तुलना कशाची करणार?

मेंदूचं पुढचं वागणं मला फार महत्त्वाचं वाटतं. दोन्ही कान चांगले असताना एका कानातल्या आवाजाला विरुद्ध बाजूचा श्रवणभाग जास्त प्रतिसाद देतो. एक कान गेला की काही महिन्यांत हा फरक कमी होतो आणि दोन्ही बाजू साधारण सारख्याच जाग्या होऊ लागतात. काही एमआरआय अभ्यासांत ग्रे मॅटरमध्येही (मेंदूतल्या पेशींच्या करड्या थरात) बदल दिसले आहेत, आणि तेही फक्त ऐकण्याच्या भागात नव्हे, तर लक्ष देण्याशी संबंधित सिंग्युलेटसारख्या भागांतही. हे अभ्यास छोट्या गटांवरचे आहेत आणि निष्कर्ष सगळीकडे जुळत नाहीत. तरी दुपारनंतर डोकं शिणून जातं ते का, हे मला त्यातून पटलं. सगळं लक्ष ऐकण्यावरच खर्च होत असतं. मशीनने हा शीण कमी केला, संपवला नाही.

गोंगाटात मात्र सांभाळा. लग्नाच्या कार्यालयात उजवीकडे बँड असेल तर क्रॉस तो बँड चांगल्या कानात आणून सोडतं आणि समोरच्याचं बोलणं बुडतं. अशा वेळी मी भिंत उजवीकडे येईल अशी बसते आणि माइक बंद करते. कानातली शिट्टीही क्रॉसने कमी झाली नाही. मास्क काढताना माइक दोऱ्यात अडकून उडतो, तेवढं जपावं लागतं.

कॉक्लिअर इम्प्लांटचं, म्हणजे आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवायच्या यंत्राचं, बरेच जण विचारतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध व उपकरण नियामक संस्थेने एका कानाच्या बहिरेपणासाठी त्याला २०१९ मध्ये मान्यता दिली. त्यात बहिऱ्या बाजूची नसच चेतवली जाते, म्हणून दिशेचं ज्ञान काही प्रमाणात परत येऊ शकतं. पण ती शस्त्रक्रिया आहे आणि खर्चही मोठा आहे. माझा निर्णय अजून झालेला नाही. अपंगत्वाच्या दाखल्याचीही फार आशा ठेवू नका, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली व्याख्या दोन्ही कानांची आहे.

लहान मुलांबद्दल मला जास्त काळजी वाटते. जर्मनीत आंद्रेज क्राल यांच्या गटाने जन्मतः एका कानाने बहिऱ्या मांजरांवर काम केलं. वाढीच्या काळात मेंदू ऐकणाऱ्या कानाकडे कलतो आणि दुसऱ्या कानाला उशिरा चालना दिली तर हा कल सहज मोडत नाही, असं त्यात दिसलं. अमेरिकेत बेस आणि थार्प या संशोधकांनी १९८० च्या दशकात एका कानाने कमी ऐकू येणाऱ्या मुलांची पाहणी केली, त्यातली सुमारे ३५ टक्के मुलं किमान एका इयत्तेत मागे राहिली होती. गालगुंडानंतरही एक कान कायमचा जाऊ शकतो, आणि मूल बोलत-खेळत असल्यामुळे घरात पत्ता लागत नाही. मूल फोन नेहमी एकाच कानाला लावत असेल, हाक मारली की भलतीकडे बघत असेल, तर दोन्ही कानांची वेगवेगळी तपासणी करून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. मशीन घ्यायचं की नाही ते नंतर ठरवता येईल, वर्गात चांगला कान बाईंकडे येईल अशी जागा उद्याच मागता येते.