मधुमेही बोका आणि अर्ध्या युनिटची रेघ : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

परवा इन्शुलिनच्या सिरिंजचा नवा बॉक्स उघडला आणि डोकंच तापलं. मागवल्या होत्या नारिंगी टोपणाच्या यू-१००, आल्या लाल टोपणाच्या यू-४०. फोन केला तर विक्रेता म्हणाला, "मॅडम, सिरिंज सगळ्या सारख्याच, सुई बारीकच आहे." अजिबात सारख्या नसतात! आमच्या बोक्याला ग्लार्जिन नावाचं इन्शुलिन चालू आहे. ते यू-१००, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १०० युनिट. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ते १ च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात जाणार अडीच युनिट. पाच किलोच्या जिवाला अडीचपट डोस म्हणजे साखर धाडकन खाली आणि फिट येण्याची वेळ. "उघडलेला माल परत घेत नाही," हेही ऐकून घेतलं. बॉक्स न उघडता टोपणाचा रंग कसा दिसणार? बरीच हुज्जत घातल्यावर बदलून मिळाला. टोपण नारिंगी होतं, पण खुणा पूर्ण युनिटच्या. पुन्हा फोन.

या अर्ध्या युनिटच्या रेघेबद्दल मी एवढी का भांडते, ते सांगते. मांजराचा डोस साधारण १ युनिटच्या आसपास सुरू होतो, दर १२ तासांनी. १ वरून २ वर जाणं म्हणजे डोस दुप्पट. मोठ्या माणसाला एक युनिट इकडेतिकडे झालं तर सहसा फारसं बिघडत नाही, मांजराचं सगळं गणित त्या एका युनिटातच असतं. अर्ध्या युनिटच्या खुणा ०.३ मिलीच्या सिरिंजवर मिळतात, त्याही सगळ्या ०.३ वर नसतात. पाकिटावर तसं लिहिलेलं बघूनच घ्यायचं. आणि एक युनिट म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग. उजेडात धरून बघितलं तर काळ्या रबराच्या वरच्या कडेशी जेमतेम एक पातळ पट्टी दिसते. तिथे मोहरीएवढा बुडबुडा अडकला तरी डोसचा बराच भाग हवेचा. मी सुई वर धरून टिचकी मारते, बुडबुडा काढते आणि मगच रेघ जुळवते. पूर्ण युनिटच्या सिरिंजमध्ये दीड भरायचं म्हणजे दोन रेघांच्या मधली जागा अंदाजाने धरायची. सकाळी एक अंदाज, रात्री दुसरा. मग साखर का हलली ते डॉक्टरांना तरी कसं कळणार?

टोचणं स्वतः सोपं आहे. खाणं पुढ्यात ठेवायचं, कुशीवरची कातडी चिमटीत उचलायची, सुई आत, संपलं. त्याला कळतही नाही. कधी औषध केसांतच सांडल्याची शंका आली तर परत टोचायचं नाही. कमी डोस एक वेळ चालतो, दुप्पट चालत नाही.

ग्लुकोमीटरवर माझं मत बदललं आहे. माणसांचं मशीन मांजराची साखर खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, कारण मांजराच्या रक्तातली बहुतेक साखर प्लाझ्मात असते आणि तांबड्या पेशींत अगदी थोडी. माणसात ही वाटणी वेगळी असते. म्हणून प्राण्यांसाठीचं मशीन घेतलं. आकडे विश्वासाचे आहेत, पण पट्ट्या महाग, आणि थेंब थोडा कमी पडला की एरर. पट्टी वाया, शिवाय कान दुसऱ्यांदा टोचायचा. पहिल्या काही आठवड्यांत मी या मशीनला शिव्याच घातल्या असत्या. नंतर युक्ती सापडली : कान आधी कोमट कापडाने शेकायचा, कडेला व्हॅसलीनचं बोट फिरवायचं आणि मागे कापसाचा बोळा धरून कडेच्या शिरेजवळ टोचायचं. व्हॅसलीनमुळे थेंब केसांत पसरत नाही, लाल मण्यासारखा उभा राहतो आणि पट्टी तो लगेच ओढून घेते. आता एरर क्वचित येते. तरीही एवढ्या किमतीत दुसरा थेंब घेणारी पट्टी का देत नाहीत, हा माझा राग कायम आहे.

घरीच मोजायचं कारण वेगळं सांगायला नको. दवाखान्यात घाबरल्यामुळेच मांजराची साखर ३०० च्या पुढे जाऊ शकते. तो आकडा धरून डोस वाढवला तर घरी आल्यावर पंचाईत.

कातडीवर चिकटवून सतत साखर मोजणाऱ्या सेन्सरबद्दल सुरुवातीला मी वैतागले होते. १४ दिवस टिकायला हवा होता, पठ्ठ्याने त्याआधीच खाजवून उखडला. पैसे पाण्यात, असंच वाटलं. पण जेवढे दिवस टिकला तेवढ्यात आलेख हाती आला. आम्ही कान टोचायचो त्या वेळेनंतरही साखर आणखी खाली उतरत होती, इंजेक्शननंतर साधारण सहाव्या तासाला तळ गाठत होती. डॉक्टरांनी तो आलेख बघून डोस २ वरून दीडवर आणला. एवढी एक गोष्ट कळली, त्यात सेन्सर वसूल झाला. मात्र तो कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे साखर झपाट्याने बदलत असताना मागे राहतो. त्याने ६० च्या खालचा आकडा दाखवला की कानाच्या रक्तानेच खात्री करायची. मांजर झोकांड्या खात असेल तर मोजत बसायचं नाही. ग्लुकोज किंवा मध हिरड्यांना चोळायचा आणि डॉक्टरांना फोन लावायचा.

तोंडावाटे द्यायची नवी औषधंही आली आहेत. अमेरिकेत २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिनला आणि २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिनला मान्यता मिळाली. आमच्या बोक्याच्या लघवीत निदानाच्या वेळीच कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागल्याची खूण) निघाले होते, आणि अशा मांजरांना ही औषधं देत नाहीत, त्यामुळे तो रस्ता बंद.

फुकटात सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मांजराच्या शी-शूच्या वाळूत लघवीने होणाऱ्या गोळ्यांचा. साखर चढली की गोळे मोठे आणि जास्त, उतरली की लहान. त्यासोबत दर आठवड्याला वजन. खात असूनही वजन घटत असेल तर मीटर काहीही म्हणो, डॉक्टरांना कळवायचं.

कमी कर्बोदकांच्या ओल्या खाण्यावर आणि दीड युनिटवर मागचे पायही सुधारले. मधुमेहाने नसा बिघडल्या की मांजर मागच्या टाचा टेकवून चालतं, तसा तो चालायचा. आता पुन्हा उडी मारतो. डोस सध्या अर्ध्या युनिटवर आला आहे. फ्रुक्टोसामाइनचा (मागच्या काही आठवड्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट चांगला आला तर इन्शुलिन थांबवून बघू, असं डॉक्टर म्हणाले आहेत. लवकर आटोक्यात आलेल्या मांजरांत असं होऊ शकतं. तोपर्यंत अर्ध्या युनिटची रेघ नसलेला बॉक्स मी घरात घेणार नाही.