बेसिनचा नळ घ्यायचा? आधी गच्चीवरची टाकी बघून या

दुकानातल्या डेमो पॅनेलच्या मागे पंप असतो. त्यामुळे तिथली कोणतीही तोटी उघडा, फेसाळ जाड धार पडते. तोच नळ घरी लावल्यावर करंगळीएवढी धार आली की लोक कंपनीच्या नावाने खडे फोडतात. बहुतेक वेळा नळ चांगलाच असतो, चुकीच्या घरात गेलेला असतो. म्हणून बाथरूमच्या नळांचं हे परीक्षण ब्रँडच्या क्रमाने केलेलं नाही. आधी पाण्याचा दाब, मग पाण्याचा जडपणा, आणि मग नळ.

दाब किती आहे ते मोजा

टाकीच्या तळापासून तोटीच्या तोंडापर्यंतचं उभं अंतर मोजायचं. दर मीटरला साधारण ०.१ बार दाब मिळतो. पाइप आडवा कितीही फिरवला तरी तो वाढत नाही, उलट नळ चालू असताना प्रत्येक एल्बो (पाइपचं कोपऱ्यावरचं वळण) थोडा खातो. सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असाल आणि टाकी स्लॅबवर दीड-दोन मीटर उंच बांधलेली असेल, तर बेसिनच्या नळाला सुमारे ०.३५ ते ०.४ बार मिळतो, शॉवरला ०.२५ ते ०.३. त्याच इमारतीत तीन मजले खाली हाच दाब सव्वा बारच्या आसपास जातो. शेजारी-पाजारी ‘आमच्याकडे तर मस्त चालतो’ म्हणतात, तेव्हा ते कितव्या मजल्यावर राहतात ते आधी विचारा.

मीटर-टेपचा कंटाळा असेल तर आत्ताच्या नळाच्या तोंडाची फेस करणारी जाळी काढा, नळ पूर्ण उघडा आणि लिटरचं माप भरायला किती सेकंद लागतात ते बघा. ६ सेकंद लागले तर मिनिटाला १० लिटर येतंय, मनाला येईल तो नळ घ्या. १० सेकंदांपर्यंत क्वार्टर टर्नचा, म्हणजे पाव फेऱ्यात उघडणारा, साधा नळ उत्तम चालेल. १५ सेकंदांच्या वर गेलं तर सिंगल लिव्हर (एकाच दांडीने गरम-थंड चालवायचा नळ) आणि रेन शॉवर यांचा विचार सोडा, नाहीतर आधी प्रेशर पंपाचा खर्च धरा. सिंगल लिव्हरच्या बहुतेक मॉडेलना निदान अर्धा ते एक बार दाब लागतो. कॅटलॉगच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात ते छापलेलंही असतं, पण तिथवर कोणी पोचत नाही.

पाणी कुठलं

मुंबईत तलावाचं पालिकेचं पाणी येतं, ते सौम्य. पुण्यात धरणाचं पाणी मिळणाऱ्या पेठांत फारशी अडचण नसते, पण शहराच्या कडेला बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत, तसंच मराठवाड्यात बोअरवर अवलंबून असलेल्या घरांत पांढरे थर ठरलेले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० अशी आहे. ३००-४०० च्या पुढे नळाची जाळी काही महिन्यांतच बुजायला लागते. फिल्टरवाल्याकडच्या टीडीएस मीटरवर मात्र विसंबू नका. तो विरघळलेले एकूण क्षार सांगतो, जडपणा वेगळा मोजावा लागतो. त्यासाठी रंग बदलणाऱ्या पट्ट्या मिळतात. साबणाला फेस येत नसेल आणि बादलीला आतून पांढरी कड धरत असेल तर पट्टीचीही गरज नाही.

आता नळांकडे येऊ.

वायसरचा जुना नळ

तीन-चार फेरे फिरवायचा, आत रबरी वायसर असलेला पितळी नळ. याचं मानक आयएस ७८१. दिसायला गरीब, पण गढूळ आणि वाळूच्या पाण्यात याच्याइतका सोशिक कोणी नाही. वायसर पाच-दहा रुपयांना मिळतो आणि घरातलं कोणीही पान्ह्याने बदलू शकतं. याला मारतो तो आपला हात: गळायला लागला की आणखी जोर लावून आवळतात, त्यात वायसर चिरतो आणि शेवटी आतलं पितळी बसकट, म्हणजे वायसर टेकतो ती जागा, खाचतं. बसकट खाचलं की नवा वायसरही थेंब थांबवत नाही. अंगणात, बोअरच्या थेट लाइनवर, गोठ्याजवळ अजूनही हाच लावावा. बेसिनवर ओल्या साबणाच्या हाताने तीन फेरे फिरवायला मात्र वैताग येतो.

क्वार्टर टर्न

बहुतेक घरांनी हाच घ्यावा. आत सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर घासत फिरतात. भोकं समोरासमोर आली की पाणी सुरू, पाव फेऱ्यात बंद. दाबाचा फारसा तोटा होत नाही, म्हणून टाकीच्या पाण्यावरही चांगला चालतो. नावाजलेल्या कंपनीचा पिलर कॉक (बेसिनवर उभा बसणारा नळ) साधारण ९०० ते १८०० रुपयांत येतो. जॅग्वार, त्याच समूहाचा स्वस्त एस्को, सेरा, हिंदवेअर, पॅरीवेअर यांत साध्या मॉडेलपुरता रोजच्या वापरात जाणवेल असा फरक फारसा नाही. तुमच्या गावात ज्याचे सुटे भाग मिळतात, तो तुमचा ब्रँड. तालुक्याच्या दुकानात कार्ट्रिज (नळाच्या आतला, पाणी उघड-बंद करणारा सुटा भाग) नसेल तर दहा वर्षांची वॉरंटी कागदावरच राहते.

डब्यावर ‘पाच लाख वेळा तपासलेला’ असं लिहिलेलं असतं. घरात दिवसाला ४० वेळा नळ उघडला तरी वर्षाला १४,६०० होतात, म्हणजे पाच लाखाला ३४ वर्षं. नळ त्याआधीच जातो, कारण तपासणी स्वच्छ पाण्यावर झालेली असते आणि आपल्याकडे टाकी धुतल्यावर पहिल्या धारेला वाळू येते. वाळूचा एक कण दोन चकत्यांच्या मध्ये अडकला की ओरखडा उमटतो आणि तिथून कायमची गळती. जड पाण्यात दुखणं वेगळं असतं: क्षार बसून दांडी कडक होते आणि लोक ती जोराने ओढून पिळतात. अशा वेळी आतलं स्पिंडल (दांडीखालचा चकत्यांचा भाग) काढून व्हिनेगरमध्ये भिजवावं, पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. खोबरेल तेल किंवा गाडीचं ग्रीस नको, त्याने रबरी ओ-रिंग फुगते.

सिंगल लिव्हर

एका दांडीने गरम-थंड, एका हाताने सगळं. दाब असेल तर याच्याइतकी सोय दुसरी नाही. बेसिन मिक्सर साधारण २,५०० पासून ६,००० पर्यंत, त्यापुढे हौसेला मोल नाही. आत ३५ किंवा ४० मिलिमीटरचं कार्ट्रिज असतं. पण माप जुळलं म्हणून कोणतंही बसेल असं नाही, खालच्या खुंट्या आणि वरचा दांडा कंपनीप्रमाणे बदलतात.

पुण्यासारख्या शहरांतल्या सोलरवाल्या सोसायट्यांत एक गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतो. थंड पाणी प्रेशर पंपावरून आणि गरम पाणी गच्चीवरच्या सोलरमधून नुसत्या उंचीवर येत असेल, तर दांडी मधोमध ठेवली की जोरदार थंड पाणी मिक्सरमधून उलटं गरम लाइनमध्ये शिरतं. नळाला कोमट सोडून गारच पाणी येतं आणि इकडे सोलरच्या एअर व्हेंटमधून (हवा सोडणाऱ्या उभ्या नळीतून) गच्चीवर पाणी वाहत राहतं. मिक्सर बदलून हे सुटत नाही. दोन्ही लाइनचा दाब सारखा करावा लागतो, किंवा गरम लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) बसवावा लागतो. तोही स्प्रिंगचा नको, झडपेचा घ्या. स्प्रिंग उघडायलाच सोलरचा उरलासुरला दाब खर्च होतो.

भिंतीतला कन्सील्ड डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे किंवा तोटीकडे वळवणारा) घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: एका कंपनीच्या आतल्या बॉडीवर दुसरीची बाहेरची प्लेट बसत नाही. आज आवडलेली डिझाइन पाच-सात वर्षांनी बंद झाली तर टाइल फोडण्यावाचून इलाज नाही. बादलीने आंघोळ करणाऱ्या घरात भिंतीबाहेर दिसणारा वॉल मिक्सरच शहाणपणाचा. त्याच्या दोन पायांतलं अंतर १५० मिमी असतं आणि वाकडे पाय फिरवून थोडा फरक जुळवता येतो.

प्लास्टिक आणि स्टील

पीटीएमटी नावाच्या प्लास्टिकच्या नळाला नाकं मुरडू नका. वॉटरटेक, प्रयाग अशा कंपन्यांचे नळ १५० ते ४०० रुपयांत मिळतात, मानक आयएस ९७६३. गंज नाही, क्षार कमी धरतात. कोकणात आणि गोव्यात समुद्राकाठच्या घरी जिथे क्रोमला वर्षा-दोन वर्षांत फोड येतात, तिथे मागच्या दारी आणि संडासात हेच लावावेत. अट दोनच: गिझरच्या लाइनवर नको, आणि पाइप पान्हा लावायचा नाही, हाताने आवळायचं. आटे एकदा घसरले की नळ कचऱ्यात.

स्टीलचा नळ घेताना स्टील ३०४ दर्जाचं असल्याची खात्री बिलावर लिहून घ्या. लोहचुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही’ म्हणणारा विक्रेता तुम्हाला काहीच सिद्ध करून दाखवत नसतो, कारण स्वस्त २०२ स्टीललाही चुंबक चिकटत नाही. पितळ आणि जस्ताचंही तेच.

पितळ खरं का?

नळ उलटा करा आणि पाणी आत शिरतं त्या तोंडात डोकवा. आट्यांवर आणि आतल्या भिंतीवर पिवळा धातू दिसला पाहिजे. राखाडी दिसला तर तो जस्ताचा ओतीव माल, दोन-चार वर्षांत आट्यांपाशी मोडणारा. नुसत्या वजनावर जाऊ नका. दांडी जस्ताची जाड केली की नळ हातात भारी लागतो. पितळाच्या नळावर आयएस ८९३१ शोधा. कंपनीचं नाव धातूत उठवलेलं किंवा लेझरने कोरलेलं हवं, नुसता स्टिकर म्हणजे नकली मालाची शंका.

क्रोमचा थर जेमतेम ०.३ मायक्रॉन असतो. नळाला वाचवतो तो त्याखालचा निकेल, चांगल्या मालात ८-१० मायक्रॉनचा. म्हणून संडास धुवायचं ॲसिड नळावर उडालं की लगेच पाण्याने धुवा; एकदा क्रोमला भोक पडलं की निकेलही फार काळ टिकत नाही. काळा मॅट आणि रोझ गोल्ड सध्या जोरात आहेत. पीव्हीडीचा (निर्वातात वाफेतून बसवलेला) थर असेल तर टिकतात, रंगाची फवारणी असेल तर पहिल्या घासणीला पितळ उघडं पडतं. बोअरच्या पाण्यावर काळा नळ घेणं म्हणजे रोज सकाळी पांढरे ठिपके पुसायची नोकरी.

माप आणि बसवणी

टेबलटॉप बेसिनला उंच नळ लागतो, साधा पिलर कॉक बसवला तर हात काठाला घासतात. तोटीचं तोंड बेसिनच्या काठापासून चार ते सहा इंच आत यावं आणि धार बेसिनच्या तळाच्या जाळीच्या थोडी अलीकडे पडावी. थेट जाळीवर पडली की शिंतोडे शर्टावर.

बसवताना प्लंबरला घाई असते, तुम्हाला नसावी. नळ जोडण्याआधी अँगल कॉकला (भिंतीजवळच्या, बेसिनचं पाणी बंद करायच्या छोट्या कॉकला) नळी लावून दोन मिनिटं पाणी बादलीत सोडा. सिमेंट, टाइलचा चुरा, सीपीव्हीसीच्या प्लास्टिक पाइपची किसं सगळं तिथेच पडू द्या. नव्या घरात क्वार्टर टर्न नळ पहिल्याच आठवड्यात गळतो तो या कचऱ्यानेच. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने, तोंडाकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, आठ-दहा वेढे. उलटा गुंडाळला तर आवळताना सुटतो. भिंतीतला एल्बो पितळी आट्यांचाच हवा. नुसत्या प्लास्टिक आट्यांत पितळी नळ आवळला की एल्बोला तडा जातो आणि ओल दिसते ती पलीकडच्या खोलीत. एल्बो टाइलच्या आत खोल गेला असेल तर लांबी वाढवायचा जोड, म्हणजे एक्स्टेन्शन निपलही पितळीच. पान्ह्याखाली फडकं ठेवायला सांगा, नाहीतर नव्या क्रोमवर दातांचे ठसे उमटतात. कनेक्शन पाइपच्या टोकाला रबरी वायसर असतो, तिथे टेप लागत नाही आणि हाताने घट्ट झाल्यावर पाव फेरा पुरतो.

धार बारीक झाली तर लगेच प्लंबर बोलावू नका. तोटीच्या तोंडाची जाळी उलगडून एक कप कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड घालून अर्धा तास भिजत ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. जाळीचा खालचा-वरचा क्रम फोनवर फोटो काढून ठेवा. उलटी बसली की फेस येत नाही. आणि स्पिंडल बदलायची वेळ आलीच तर जुनं खिशात घालून दुकानात जा. दांडी बसते त्या टोकावरच्या दात्यांची संख्या कंपनीगणिक वेगळी असते, ‘अर्ध्या इंचाचं द्या’ एवढ्यावर मिळालेलं स्पिंडल नळात बसेल, पण त्यावर तुमची दांडी बसेलच असं नाही.