साबुदाण्याला रंगेहाथ पकडणारा सेन्सर

मधुमेहींची शुगर सतत मोजणाऱ्या, ॲबट कंपनीच्या फ्रीस्टाइल लिब्रे सेन्सरची ही पहिली आवृत्ती. दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायचा, ३५ मिलिमीटर व्यासाचा हा गोल सेन्सर १४ दिवस चालतो. मोजतो मात्र रक्तातली नव्हे, कातडीखालच्या द्रवातली साखर. 'मीटरशी आकडा जुळत नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथंच असतं. शुगर भराभर चढत-उतरत असली की सेन्सर पाच-दहा मिनिटं मागे राहतो. शुगर ७०च्या खाली गेली म्हणून १५ ग्रॅम ग्लुकोज घेतलं, तर १५ मिनिटांनी बोट टोचून मीटरवरच बघावं. सेन्सर अजून कमीच दाखवत असतो आणि घाबरलेला माणूस वर दोन पेढे खातो.

पैसे वसूल होतात ते जेवणाच्या आलेखात. उपाशीपोटीचा आणि जेवणानंतर दोन तासांचा, या लॅबच्या दोन आकड्यांत मधला चढ दिसत नाही. पुणेरी मिसळच घ्या. बोल लावला जातो मटकीला, शुगर चढवतात ते खालचे पोहे, वरची शेव आणि ब्रेडचे स्लाइस. शिवाय तर्रीतल्या तेलानं चढ लांबतो, म्हणून तिसऱ्या तासालाही स्कॅन करा, म्हणजे रीडर (आकडा दाखवणारं छोटं यंत्र) किंवा मोबाइल सेन्सरजवळ धरून आकडा बघा. सॅम्पल (मिसळीचा रस्सा) परत मागा हवं तर, ब्रेड नको.

साबुदाण्याची खिचडी तर उपवासाच्या नावाखाली सुटून जाते. ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ४३ ग्रॅम कर्बोदकं, बटाटा वेगळाच. दाण्याचं कूट वाढवलं तर चढ थोडा बुटका होतो, टळत नाही. ४० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत साधारण २८ ग्रॅम असतात. पण 'भाकरी चालते' म्हणत तीन खाल्ल्या की ८४ झाले.

पडताळणीची रीत सोपी आहे. तोच पदार्थ, तेवढ्याच वजनाचा, त्याच वेळी, दोन वेगळ्या दिवशी खायचा. दुसऱ्या दिवशी एकच गोष्ट बदला: उसळ-कोशिंबीर आधी आणि भात शेवटी, किंवा जेवल्यावर १५ मिनिटं चालणं. दोन्ही एकदम बदलले तर उपयोग कशाचा झाला ते कळणार नाही.

लावताना स्पिरिट पूर्ण वाळू द्या. तेल-लोशनवर गोंद टिकत नाही. पहिला तास आकडा येत नाही आणि पहिल्या दिवसाचे आकडे जरा डळमळीत असतात, म्हणून संध्याकाळी लावून दुसऱ्या दिवसापासून हिशेब धरलेला बरा. रीडर आणि मोबाइल दोन्ही वापरायचे असतील तर आधी रीडरनं सुरू करा, मग त्याच तासात मोबाइलनं स्कॅन करा. उलट केलंत तर रीडर चालत नाही. सेन्सरच्या पोटात आठच तासांची नोंद मावते, म्हणून झोपताना आणि उठल्याउठल्या स्कॅन हवंच. त्या कुशीवर झोपलात तर पहाटे खोटीच 'लो' दिसते. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्यांनी आकडा फुगतो. एमआरआयच्या आधी सेन्सर काढावा लागतो. आणि मे महिन्यात औषधाच्या दुकानातून आणलेली पेटी स्कूटरच्या डिकीत विसरू नका.

इन्शुलिन घेणाऱ्यांनी, विशेषतः रात्री शुगर पडत असेल तर, सलग लावावा. नुसत्या गोळ्यांवर असणाऱ्यांना वर्षातून एक-दोन सेन्सर पुरतात, तेही गणपती-दिवाळी सोडून, नेहमीच्या जेवणाच्या पंधरवड्यात. आलेख पाहून डोस मात्र परस्पर बदलायचा नाही. आलेख डॉक्टरांसमोर ठेवायचा, सोबत खाण्याची वही घेऊन. वहीशिवाय तो आलेख त्यांनाही वाचता येत नाही.