घरी रंगवलेले ब्रेक कॅलिपर: एक पावसाळा आणि एक सर्व्हिसिंगचं भांडण झाल्यावर

"साहेब, कॅलिपरला कलर मारलाय ना तुम्ही, त्यानेच जॅम होतंय." वर्कशॉपच्या अ‍ॅडव्हायझरने चाक काढायच्याही आधी हे सांगितलं आणि पुढच्या दोन्ही कॅलिपरच्या (म्हणजे चाकातल्या डिस्कवर पॅड आवळणाऱ्या ब्रेकच्या चिमट्यांच्या) ओव्हरहॉलिंगचं एस्टिमेट हातात ठेवलं, म्हणून शेवटी हे लिहायला बसलोय, नाहीतर या इपॉक्सी कॅलिपर रंगाचा रिव्ह्यू लिहितो लिहितो म्हणत अख्खा पावसाळा गेला.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम, अलॉय. डाव्या पुढच्या चाकातून कर्रर्र असा आवाज येत होता, आणि मुख्य म्हणजे ब्रेक न दाबताही येत होता. मी म्हटलं ठीके, जॅम आहे ना, माझ्यासमोर खोला. अ‍ॅडव्हायझर म्हणाला कस्टमरला आत सोडत नाही, मग थोडं वाजलं, मग सोडलं. मेकॅनिक पोरगा भला होता. खालचा बोल्ट काढून त्याने कॅलिपर वर उचलला, कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या गाइड पिना हाताने आतबाहेर करून दाखवल्या, कुठेही अडकत नव्हत्या, पॅड दाबणाऱ्या पिस्टनचं रबरी बूट शाबूत. मग टॉर्च मारून डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्याच्या फटीत बघितलं आणि स्क्रूड्रायव्हरने खडीचा एक तुकडा टकदिशी खाली पाडला. आवाज बंद. आमच्या भागात बाराही महिने कुठला ना कुठला रस्ता खोदलेला असतो, त्यात पाऊस, खडी उडून तिथे बसणारच. एस्टिमेट मात्र रंगाच्या नावावर.

तर पहिला मुद्दा, ज्यासाठी लोक घाबरतात. बाहेरच्या बॉडीवर लावलेल्या रंगाने कॅलिपर जॅम होत नाही. होऊ शकतो तो रंग नको तिथे गेला तर: ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान जिथे सरकतात तिथे, गाइड पिनवर, पिस्टनच्या बूटवर. पॅडच्या कानाखाली रंगाचा थर साठला तर पॅड मागे सरकत नाही, डिस्कला घासत राहतो, चाक तापतं. आणि ब्लीड निपल, म्हणजे जुनं ब्रेक फ्लुइड आणि हवा बाहेर काढायची छोटी तोटी. त्याच्यावर रंग चढला की पुढच्या वेळी फ्लुइड बदलताना पाना घसरतो आणि मग पुन्हा "साहेब, तुम्हीच कलर मारलाय". निपलवर छोटी रबरी टोपी असते ती काढायची, टेप गुंडाळायची, काम झालं की टोपी परत. ती टोपी कितीतरी गाड्यांवर नसतेच, कुठल्या तरी सर्व्हिसिंगला पडलेली असते आणि कोणाला पत्ताही नसतो.

काम सोपं आहे, चिकट आहे. वायर ब्रश आणि ब्रेक क्लीनरचे कॅन पुण्यात नाना पेठेत मिळाले. कॅलिपर काढायची गरज नाही, फ्लुइडचा होज जोडलेलाच ठेवायचा, फक्त चाक उतरवायचं. गाडीसोबत आलेल्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही, जॅक स्टँड लावायचा, मागच्या चाकाला वीट. मास्क लावायचा, आणि ती काळी धूळ कॉम्प्रेसरने उडवायची तर अजिबात नाही, ओली करून पुसायची. ऐंशी टक्के वेळ या घासण्यात जातो, रंग लावणं म्हणजे मागाहूनची मजा. दुसऱ्या मजल्यावरचे काका खाली आले, दोन मिनिटं बघत उभे राहिले.

"काय रे, ब्रेक फेल झाले का?"

"नाही काका, रंगवतोय."

"ब्रेक? चाकाच्या आतले?" मग जरा थांबून, "उरला तर सोसायटीच्या गेटलाही एक हात मार."

काका टोमणा मारत होते, पण आता त्या उरलेल्या रंगाचंच सांगतो, कारण माझी खरी तक्रार तीच आहे. हा रंग दोन भागांत येतो, रंग वेगळा आणि हार्डनर वेगळा, ब्रशने लावायचा इपॉक्सी. पत्रकावर एवढंच की हार्डनर सगळा ओता, ढवळा, काही तासांत वापरा. प्रमाण किती ते कुठेही नाही. डबा आहे चार कॅलिपरच्या हिशोबाने. आता आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना मागे ड्रम असतात, म्हणजे कॅलिपर दोनच. दोन-दोन हात देऊनसुद्धा अर्ध्यापेक्षा जास्त डबा शिल्लक. ड्रमला लाल लावू शकलो असतो, पण लाल ड्रम म्हणजे चाकाच्या आत नाटक, ते मला नको होतं. मग टो हुक रंगवला, जॅकचा दांडा रंगवला, गॅलरीतल्या कुंड्यांचा स्टँड रंगवला, आणि तरी उरलेला रंग संध्याकाळपर्यंत ब्रशसकट डब्यात दगड झाला. तो ब्रश अजून त्यातच उभा आहे. अडीच हजारांतले निदान हजार रुपये त्या डब्यात घट्ट बसलेत. डिटेलिंगवाल्याने पाच हजारांवर सांगितले होते, म्हणजे तरीही स्वस्तच पडलं, हे मला कळतं, पण दर वेळी तो डबा दिसला की चिडचिड होते. दोन कॅलिपरचा छोटा डबा का काढत नाहीत? प्रमाण छापायला काय शाई लागते का?

फिनिश मात्र नाव ठेवायला जागा नाही. ब्रशच्या रेषा सुकता सुकता आपोआप बुजतात. खालच्या कडेला एक ओघळ आलाय, तो खाली वाकून बघितलं तरच दिसतो. पावसाळ्यात ताम्हिणीला गेलो, सगळं चिखलाने भरलं, घरी येऊन शॅम्पू आणि जुन्या टूथब्रशने घासलं, रंग तसाच. पॅडची धूळ बसून लाल जरा विटकरी दिसतो, तेवढं धरून चालायचं.

लोक तापमानाचं फार विचारतात. स्प्रेच्या कॅनवर ९०० चा आकडा बघून भारी वाटतं, पण बऱ्याच कॅनवर ते फॅरनहाइट असतं, म्हणजे आपलं ४८२ सेल्सिअस. आणि तेवढं लागतंय कोणाला? डॉट ४ या ब्रेक फ्लुइडचा उकळबिंदू नवा असताना कमीत कमी २३० आणि पाणी शोषल्यावर १५५ सेल्सिअस असला की तो पास. म्हणजे कॅलिपर तीन-चारशेला पोचला तर रंगाच्या खूप आधी फ्लुइड उकळून ब्रेक पेडल पोकळ होईल, तेव्हा रंग जळला का हे बघायला आपण असू का हा वेगळा प्रश्न. लालबुंद तापते ती डिस्क, कॅलिपर त्या मानाने बराच थंड असतो. कात्रजच्या नवीन बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना लोक ब्रेकवर पाय ठेवूनच येतात, तिथे गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, रंगाचं आपोआप होईल.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा पाचपैकी तीन द्यायचे ठरवले होते, डब्यामुळे. काल गाडी धुताना मागची चाकं नीट बघितली आणि मत बदललं.

झालं असं की त्या भांडणाच्या दिवशी ब्रेक फ्लुइड बदलायचं ड्यू होतं म्हणून तेही करून घेतलं. ब्लीड करताना पुढच्या डाव्या निपलवरून पाइप निसटला, फ्लुइड कॅलिपरवरून ओघळलं आणि बराच वेळ कोणी पुसलं नाही. डॉट ४ साधा रंग सोलून काढतं. इपॉक्सीला काहीही झालेलं नाही, चमकसुद्धा तीच. मागच्या ड्रमला मात्र मी वेगळा काळा हाय टेम्परेचर स्प्रे मारला होता, स्वस्तातला. पोऱ्याने फ्लुइडच्याच हाताने ड्रम धरला असणार, कारण उजव्या ड्रमवर चार बोटं आणि अंगठा स्वच्छ उमटलाय, तिथला रंग सुरकुतून थेट लोखंड दिसतंय. हे सिलिकॉनवाले स्प्रे भट्टीत किंवा ओव्हनमध्ये तापवल्याशिवाय पक्के होत नाहीत, आणि पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये वीसच्या स्पीडने मागचा ड्रम तेवढा तापतोय कुठे? वरून सुकल्यासारखा दिसतो, आत कच्चाच राहतो.

म्हणून चार. पाचवा त्या डब्याने खाल्ला.

आता ड्रम परत घासायचेत आणि या वेळी तोच इपॉक्सी, काळा. मेडिकलमधून दहा एमएलच्या दोन सिरिंज आणणार, डब्यातला रंग किती आणि हार्डनर किती ते आधीच मोजून प्रमाण काढणार आणि लागेल तेवढाच मिसळणार. सिंहगड रोडच्या आसपास कोणाला दोनच कॅलिपर किंवा दोनच ड्रम करायचे असतील तर एक डबा अर्धा-अर्धा घेऊ. पैसे आधी, सिरिंज माझ्याकडून.