तांबट आळीतला हंडा, सहा महिने वापरून
पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीतून आईसाठी छोटा तांब्याचा हंडा घेतला, हाताने मठारलेला, उन्हात एकेक ठोका वेगळा चमकतो, मशीनच्या बाटलीला ती सर नाहीच. बेंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलंय की मुद्दाम जंतू घातलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं तर ई. कोलाय, कॉलराचे जंतू त्यात वाढताना सापडले नाहीत, आणि पाण्यात उतरलेलं तांबं डब्ल्यूएचओच्या लिटरला २ मिलीग्रॅम मर्यादेच्या खूपच खाली होतं. म्हणून आम्ही संध्याकाळी भरून ठेवतो आणि सकाळी पितो. झाकण जरा ढिलं आहे, तेवढं घेताना बघून घ्या. ताक, लिंबूसरबत यात अजिबात ठेवू नका हं, कळकतं. घासायला चिंच-मीठ, लगेच लखलखतो.