तारा उतरवून विकलेला बेस

लग्नसराई आटोपली की श्रावणातल्या कानबाईच्या कार्यक्रमांआधी आमच्या जळगाव-धुळे-नंदुरबार पट्ट्यातल्या ग्रुपांमध्ये वादकांची अदलाबदल होते. कोणी नोकरीसाठी पुण्याला जातो, कोणी सुरतेला. बहुतेक वेळा जातो तो बेसवाला, म्हणजे चार जाड तारांची, खालच्या सुरांची बेस गिटार वाजवणारा, कारण तो मिळतोच कमी. मग ग्रुप सगळा मिळून एका गिटारवाल्याकडे बघतो. आमच्याकडे तो मी होतो. तोवर कीबोर्डवाले दादा डाव्या हाताने बेस भागवत होते, पण अहिराणी गाण्यांच्या ठेक्याला खालून खरा बेस लागला की समोरची माणसं उठून नाचतात, हे आम्ही दुसऱ्या एका ग्रुपच्या कार्यक्रमात पाहिलं होतं. ठरलं की मी बेस धरायचा. सगळ्यांनी लग्नांच्या मानधनातून थोडे थोडे काढले आणि 31,000 रुपये जमले. ते सगळे पैसे गेले. कसे गेले ते सविस्तर लिहितो, कारण आमच्याशी जे झालं ते खास गिटारवरून बेसकडे वळणाऱ्या माणसासाठीच रचलेलं होतं, अशी माझी खात्री झाली आहे.

जुन्या वस्तूंच्या जाहिरातींमध्ये एक बेस दिसला. फेंडर जॅझ बेस, मेक्सिकोचा, सनबर्स्ट रंग, सोबत "200 वॅट बेस अ‍ॅम्प", दोन्ही मिळून 36,000; सौदा शेवटी आमच्या 31,000 वर ठरला. फेंडर कंपनीने 1951 मध्ये प्रिसिजन बेस आणला आणि 1960 मध्ये जॅझ बेस. आजही बहुतेक स्वस्त बेस या दोन नमुन्यांवरच बेतलेले असतात. म्हणजे लांबून पाहिलं तर दहा हजारांचा आणि लाखाचा बेस सारखाच दिसतो. फरक लाकडात, नेकमध्ये (तारा दाबतो ती लांब दांडी) आणि आतल्या वायरिंगमध्ये असतो, आणि फोटोत यातलं काहीच येत नाही.

विक्रेता आमच्याच भागातला. फोनवर पहिलं वाक्य अहिराणीत: "तू आपला मानूस शे, तुले काय महाग लावसू?" यावर मला थांबून लिहायचं आहे. मुंबई-पुण्याच्या विक्रेत्याशी बोलताना आपण सावध असतो, बिल मागतो, सीरियल नंबर मागतो. आपल्या बोलीत बोलणाऱ्याकडे बिल मागायला जीभ वळत नाही. आम्ही मागितलं तेव्हा तो म्हणाला, "घरी शे, शोधीसनी धाडस" (घरी आहे, शोधून पाठवतो). ते बिल कधीच आलं नाही. आपली बोली इतक्या प्रेमाने कानावर पडते की तिचा असा वापर कोणी करील हे मनाला पटत नाही, म्हणूनच तो तसा करतो. अकोल्याचा एक गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे, हेही त्याने दोनदा ऐकवलं.

त्याच्या घरी गेलो तेव्हा बेस स्टँडवर तयार होता आणि ट्यूनरवर (सूर दाखवणाऱ्या यंत्रावर) सगळ्या तारा एक सूर खाली लावलेल्या होत्या. बेसच्या चार तारा जाडकडून बारीककडे ई, ए, डी, जी अशा असतात. त्याच्याकडे त्या डी, जी, सी, एफ लागल्या होत्या. म्हणाला, "गायकाची पट्टी खाली शे, आमी असंच वाजाडतंस." हे ऐकायला अगदी पटण्यासारखं आहे, कारण ऑर्केस्ट्रात गायकाप्रमाणे पट्टी बदलतेच. दादांनी जाड तारेला बोट लावून म्हटलंही, "भो, हाई तार ढिली शे." त्याने हसून विषय बदलला.

सगळी मेख त्या उतरवलेल्या तारांमध्ये होती. इलेक्ट्रिक गिटारच्या सहा तारांची नेकवर मिळून जी ओढ पडते ती साधारण 50 किलोच्या आत असते. बेसच्या चारच तारांची ओढ 70 किलोंच्या वर जाते. एवढी ओढ पेलायला नेकच्या पोटात ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते. ती पिळून नेक सरळ ठेवता येते. सळईचा नट झिजलेला असेल किंवा सळईच निकामी असेल तर पूर्ण सुरात लावलेल्या तारा नेकला हळूहळू धनुष्यासारखी वाकवतात. पण तारा एक सूर खाली उतरवल्या की ओढ सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होते, आणि तासाभराच्या भेटीपुरती नेक सरळ दिसते. गिटारवाल्याचा हात बेसवर आला की तारा जाड असल्यामुळे सगळंच त्याला परकं लागतं. ढिली तार उलट सोपी वाटते, बोटांना बरी वाटते. विकणाऱ्याला हे माहीत असतं.

आम्ही जळगावला येऊन बेस पूर्ण सुरात लावला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तार आणि फ्रेट यांच्यात पाच मिलिमीटरच्या आसपास जागा होती. चांगल्या सेटअपमध्ये, म्हणजे नेक आणि तारांची उंची नीट जुळवलेली असताना, ही जागा साधारण दोन-अडीच मिलिमीटर असते. वर दाबलेला प्रत्येक सूर चढा येत होता. मी अ‍ॅलन की (सहाकोनी किल्ली) घेऊन ट्रस रॉड फिरवायचा प्रयत्न केला, तर की नुसती गोल फिरत राहिली.

नंतर नाशिकच्या एका गिटार दुरुस्तीवाल्याने तो उघडला. ट्रस रॉडच्या नटाचे कोपरे पूर्ण झिजलेले, वरून कसलं तरी चिकट भरून झाकलेले. हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या डोक्याच्या) मागे, नेक जिथे संपते त्याच्या जरा वर, जुनी चीर सरसाने चिकटवून वर रंग मारलेला. त्यावर एका बँडचा रुपयाएवढा गोल स्टिकर. पिकअप (तारांचा कंप पकडणारा भाग) काढून खालच्या खाचेत बघितलं तर प्लायवूडचे थर स्पष्ट दिसत होते. मेक्सिकोच्या जॅझ बेसची बॉडी प्लायवूडची नसते. हेडस्टॉकवरचं "फेंडर" नाव नखाने खरवडल्यावर निघून आलं. मागे एमएक्सने सुरू होणारा सीरियल नंबर होता, कारण 2010 नंतरच्या मेक्सिकोच्या फेंडरचा नंबर तसा सुरू होतो हे नक्कल करणाऱ्यालाही माहीत असतं. मात्र कंपनीच्या संकेतस्थळावर टाकल्यावर तो सापडला नाही.

आता अ‍ॅम्प. तो कसा विकला गेला ते ऐकण्यासारखं आहे. विक्रेत्याने बेस त्याच्या घरच्या मोठ्या स्पीकरवर लावून दाखवला आणि अ‍ॅम्पवर मात्र मोबाइलमधलं गाणं लावलं. कारण काय, तर "केबल एकच शे". गाणं छान वाजलं. पण गाण्यात कंपनीने आधीच संतुलन केलेलं असतं, आणि हळू आवाजात कोणताही स्पीकर गोड लागतो. बेस थेट लावल्यावर जे घडतं ते वेगळं. गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्‌झच्या आसपास वाजते. बेसची जाड तार त्याच्या निम्म्यावर, 41 हर्ट्‌झच्या आसपास. एवढ्या खालच्या सुराला स्पीकरच्या कागदाला खूप पुढे-मागे हलावं लागतं. गिटारसाठी केलेला लहान स्पीकर त्यात फडफडतो आणि काही काळाने फाटतो. आमचा पहिल्याच सरावात, ऑक्टापॅडच्या आवाजाशी जुळवायला व्हॉल्यूम वाढवताच, खरखरायला लागला. मागची जाळी काढली तर स्पीकर आठ इंची, गिटारचा, आणि त्याच्या कागदाला एके ठिकाणी आधीच गोंद लावलेला.

आणि तो 200 वॅटचा आकडा. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापलेला. पण वीज लागणाऱ्या बहुतेक यंत्रांच्या मागे, मेन कॉर्डजवळ, ते किती वीज खातं याचा आकडा असतो. आमच्या अ‍ॅम्पच्या मागे तो 40 वॅट होता. आत 40 वॅट घेणारा डबा बाहेर 200 वॅट सतत देऊ शकत नाही. तसा आकडा पीएमपीओच्या (क्षणभराच्या कमाल ताकदीच्या) नावाखाली फुगवून छापण्याची सवय आपल्याकडे टेपरेकॉर्डरच्या काळापासून आहे. कामाचा आकडा आरएमएस वॅटचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा. पुढच्या अक्षरांपेक्षा मागची छोटी पट्टी वाचा. बेस विकत घेताना एवढं एक केलंत तरी अ‍ॅम्पची निम्मी फसवणूक तिथेच उघडी पडते.

हे सगळं कळल्यावर विक्रेत्याला फोन केला. आधी उचलला, "उन्हामुये नेक वाकनी व्हई" असं म्हणाला, मग फोन उचलणंच बंद. उन्हाची गोष्ट अर्धी खरी असल्यामुळे ती सहज खपते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, लाकूड सुकतं, फ्रेटबोर्ड आकसून फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटांना लागतात. पावसाळ्यात तेच लाकूड पुन्हा फुगतं. आमच्या भागात वर्षातून दोनदा सेटअप करावाच लागतो. पण जिची ट्रस रॉड चांगली आहे ती नेक उन्हाने वाकली तर पाव वळणात सरळ होते. झिजलेला नट उन्हाने झिजत नाही, चीर उन्हाने रंगवली जात नाही.

पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 आहे. निम्मे पैसे रोख दिले होते, निम्मे यूपीआयने, आणि यूपीआयची नोंद, चॅट, जाहिरातीचे स्क्रीनशॉट हेच आता आमच्या हाती आहे. रोख दिलेल्या भागाचा कागदोपत्री काहीच पुरावा नाही. यूपीआयने पाठवलेल्या पैशांत फसवणूक झाली असं वाटताच लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन करा, कारण पैसे त्या खात्यातून पुढे सरकण्याआधी सांगितलं तरच ते अडवण्याची शक्यता असते. दुकानातून घेतलेल्या मालाबाबत ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे आणि ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. कोणी घरातली आपली जुनी वस्तू विकतो तेव्हा तो दुकानदार ठरत नाही, त्यामुळे तो रस्ता बंद होतो. म्हणून बिल, आणि बिल नसेल तर निदान साध्या कागदावर दोघांच्या सह्या, वस्तूचं वर्णन, रक्कम आणि तारीख. आपला माणूस असेल तर तो सही करायला कचरणार नाही.

जुना बेस घेणार असाल तर तिथेच, त्याच्यासमोर, तारा पूर्ण सुरात चढवा आणि निदान अर्धा तास बसून गप्पा मारा. मग पहिल्या फ्रेटवर आणि अगदी शेवटच्या फ्रेटवर एकच तार दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटजवळ किती फट राहते ते बघा. दोन-तीन कागदांच्या जाडीएवढी ठीक, त्याहून बरीच जास्त असेल तर उठा. अ‍ॅलन की सोबत न्या आणि ट्रस रॉड अगदी थोडा फिरवून दाखवायला सांगा. नकार हेच उत्तर समजा. बाराव्या फ्रेटवर नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तिथेच दाबून निघणारा सूर ट्यूनरवर जुळायला हवेत. दोन पिकअप असतील तर आवाज चालू ठेवून प्रत्येकावर स्क्रूड्रायव्हरने हलकं टिचकवा. जो पिकअप जिवंत आहे तो स्पीकरमध्ये ठक् करतो. आमच्या बेसवरचा पुलाकडचा (बॉडीवर तारा टेकतात त्या ब्रिजजवळचा) पिकअप मुका होता आणि त्याच्या आवाजाची खुंटी विक्रेत्याने पूर्ण वेळ बंदच ठेवली होती. स्टिकर कितीही छान असला तरी त्याखाली काय आहे ते बघायचं. आणि शक्य झालं तर सोबत बेस वाजवणारा माणूस न्या, गिटार वाजवणारा नाही. गिटारवाल्याचे कान वरच्या सुरांवर जातात, त्याला खालचा दोष ऐकू यायला वेळ लागतो. आम्ही सगळे गिटार-कीबोर्डवाले होतो.

पैसे कमी असतील तर माझं मत स्पष्ट आहे: मोठ्या नावाचा जुना बेस घेऊ नका, लहान नावाचा नवा घ्या, बिलासकट. यामाहाचा टीआरबीएक्स 174, आयबानेझचा जीएसआर 180, कॉर्टचा अ‍ॅक्शन, स्क्वायरचे खालच्या श्रेणीतले बेस, यांतला कोणताही लग्नाच्या स्टेजला पुरेसा आहे. आणि सुरुवातीला अ‍ॅम्पच घेऊ नका. आपल्या कार्यक्रमांत साउंडवाला सबवूफर आणतोच. एक साधा डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी) घेऊन बेस थेट त्याच्या मिक्सरमध्ये द्या. घरी सरावाला हेडफोन पुरतो. त्या 31,000 मध्ये आम्हाला नवा बेस, डीआय बॉक्स, चांगली केबल आणि तारांचा एक जादा सेट, एवढं सगळं आलं असतं. बेसच्या तारा गिटारच्या तारांपेक्षा बऱ्याच महाग असतात, हा खर्च बहुतेकांच्या हिशेबात नसतो. आता दादांच्या भावाने उसना दिलेला एक जुना यामाहा मी वाजवतो, तोही डीआय बॉक्समधूनच.

ती जाहिरात परवा पुन्हा दिसली, दुसऱ्या नावाने, त्याच मजकुरासह. बेस आमच्याकडे आहे, पोलिसांत दाखवायला ठेवलेला आहे, म्हणजे यावेळी वस्तू दुसरी आहे, पद्धत तीच. सनबर्स्ट जॅझ बेस, मेक्सिकोचा म्हणून सांगितलेला, सोबत 200 वॅटचा म्हणवणारा काळा अ‍ॅम्प, दोन्ही एकत्रच विकायचे, वेगवेगळे नाहीत, आणि फोटोत हेडस्टॉकची मागची बाजू एकदाही नाही. अशी जाहिरात धुळे-जळगाव-नंदुरबारकडे कोणाला दिसली तर आधी हेडस्टॉकच्या मागचा आणि अ‍ॅम्पच्या मेन कॉर्डजवळच्या पट्टीचा फोटो मागा. आमच्यासारखंच कोणाला फसवलं गेलं असेल तर त्यांनीही आपल्या पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा. एकच अर्ज असला की तो दोघांमधला व्यवहार वाटतो, चार असले की धंदा दिसतो.