बैठकांसाठी स्टेनो मशीनवरची थेट कॅप्शन: काही महिन्यांचा अनुभव

मला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र लावून एका माणसाशी समोरासमोर बोलणं जमतं, पण चारपाच जण बोलू लागले की नुसता गोंगाट. म्हणून गेले काही महिने कामाच्या इंग्रजी बैठकांना लघुलेखिका सोबत असते. तिचं स्टेनो मशीन, म्हणजे लघुलेखनाचं यंत्र, तिपाईवर बसतं, लॅपटॉपला जोडलं जातं आणि बोललेलं दोनतीन सेकंदांत लेखी होऊन माझ्या टॅबलेटवर येतं; हीच थेट कॅप्शन. सगळं सामान पाठीवरच्या पिशवीत मावतं, त्यामुळे ऐनवेळी खोली बदलली तरी अडत नाही.

या मशीनला कळा २२च. त्यातल्या अनेक एकदम दाबून अख्खा उच्चार एका फटक्यात नोंदवतात, म्हणून मिनिटाला २००हून जास्त शब्द घेता येतात. उच्चारांचे शब्द करतो तो लॅपटॉपमधला शब्दकोश. त्यामुळे माणसांची नावं आणि विषयातले शब्द मी तिला आदल्या दिवशीच पाठवते. हे केलं नाही, तर उत्तम लघुलेखिकाही अडखळते.

फोनवरची आपोआप कॅप्शनही मी वापरते. एकच माणूस स्वच्छ बोलत असेल तर ती पुरते. पण ती चुकते तेव्हा वाक्य बरोबरच वाटतं आणि मी त्यावर विश्वास ठेवून बसते. स्टेनोत शब्दकोशात नसलेला फटका विचित्र अक्षरांच्या रूपात दिसतो. मनात उच्चारून पाहिला की शब्द बहुतेकदा सापडतो. ब्रिटनचे खासदार जॅक अ‍ॅश्ली यांना १९६७च्या सुमारास ऐकू येणं बंद झालं. पुढे पॅलनटाइप या लघुलिपी यंत्रावरचा मजकूर पडद्यावर वाचून ते संसदेतली चर्चा समजून घेत, आणि तो मजकूरही बराचसा उच्चारांबरहुकूम असे.

माझ्यासाठी सगळ्यात मोठा फरक म्हणजे मान खाली घालून टिपणं काढता येतात. ओठ वाचताना नजर हटली की वाक्य गेलं. इथे ते पडद्यावर थांबलेलं असतं. कोण बोललं तेही नावासकट कळतं.

उशीर मात्र खुपतो. मी वाचून तोंड उघडेपर्यंत पुढचा बोलायला लागलेला असतो. आता विषय बदलण्याआधी अध्यक्ष माझ्याकडे बघून क्षणभर थांबतात. अशी सवय लावून घ्यायला सांगाच, संकोच करू नका. बैठक लांबणार असेल तर आलटूनपालटून काम करणाऱ्या दोघी हव्यात, कारण थकव्याने चुका वाढतात. चांगल्या लघुलेखिका मोजक्याच आहेत आणि मानधनही बरंच असतं, म्हणून एकट्यादुकट्याच्या भेटीला मी अजून फोनच वापरते.